मेल अडलाय आणि संशय अँटीव्हायरसवर आहे? मग या चुका टाळा

अँटीव्हायरसचं नूतनीकरण होतं, नवी आवृत्ती बसते, मशीन रीस्टार्ट होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये एकही मेल उतरत नाही. ब्राउझरमध्ये जीमेल उघडतंय, मोबाईलवर मेल येतायत, फक्त या एका कॉम्प्युटरवर ‘सिक्युरिटी एक्सेप्शन’ची, म्हणजे सुरक्षेला अपवाद करायचा का असं विचारणारी, खिडकी पुन्हा पुन्हा समोर येते. छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या कुणालाही हा फोन ओळखीचा असेल. खरी दुरुस्ती सोपी असते. वेळ जातो तो मला बोलावण्याआधी करून ठेवलेले उद्योग निस्तरण्यात. तेच ते उद्योग, त्याच क्रमानं, वर्षानुवर्षं चालू आहेत, म्हणून एकदाचे लिहून काढतोय.

आधी घडतं काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंधारात तीर मारणं होईल. तुमचा मेल प्रोग्राम सर्व्हरशी एन्क्रिप्टेड जोडणी करतो. मधल्या कुणालाच ती वाचता येत नाही, तुमच्याच मशीनवरच्या अँटीव्हायरसलाही नाही. त्याला तर येणारा मेल तपासायचा असतो. म्हणून तो मध्ये उभा राहतो. सर्व्हरशी स्वतः बोलतो, आणि तुमच्या मेल प्रोग्रामला त्याच क्षणी स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, दाखवतो, जणू सर्व्हर तोच. कुरिअरवाल्यानं वाटेत पाकीट फोडायचं, आतलं वाचायचं आणि स्वतःच्या पाकिटात घालून चिकटवून तुमच्या हातात द्यायचं, असा हा कारभार आहे.

आता हे सर्टिफिकेट खरं मानलं जावं म्हणून अँटीव्हायरस आपलं मूळ सर्टिफिकेट विंडोजच्या विश्वासाच्या यादीत टाकून ठेवतो. मायक्रोसॉफ्टचा मेल प्रोग्राम आउटलुक विंडोजची ही यादी मानतो, त्यामुळे तो तक्रार करत नाही. थंडरबर्ड मुळात ते बनवणाऱ्या मोझिलाची स्वतंत्र यादी वापरतं, आणि त्या यादीत तुमच्या अँटीव्हायरसचं नाव नसतं. म्हणून एकाच मशीनवर आउटलुक चालतंय आणि थंडरबर्ड अडलंय असं दिसलं, की माझा पहिला संशय अँटीव्हायरसवरच जातो. हे भांडण ब्राउझरमध्येही झालेलं आहे. 2019 च्या सुरुवातीला फायरफॉक्स 65 आला तेव्हा अवास्ट आणि एव्हीजी हे अँटीव्हायरस असलेल्या अनेक मशीनवर सुरक्षित साइटच उघडेनात, आणि मोझिलाला विंडोजवरचं आपोआप होणारं अपडेट काही काळ थांबवावं लागलं होतं.

न वाचता ‘कन्फर्म’ दाबणं

ही चूक माझ्या सगळ्यात डोक्यात जाते. खिडकी समोर येते, तिच्यात लिहिलेलं असतं की या सर्टिफिकेटवर भरवसा ठेवता येत नाही, आणि खाली ‘कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन’ असं बटण असतं. नव्व्याण्णव टक्के लोक ते बटण दाबतात. मेल सुरू होतो, सगळे खूश.

त्याच खिडकीत ‘व्ह्यू’ नावाचं आणखी एक बटण असतं. ते दाबा आणि ‘इश्युअर नेम’ ही ओळ वाचा. हे सर्टिफिकेट दिलं कोणी, ते तिथे लिहिलेलं असतं. या एका ओळीवर पुढचं सगळं निदान उभं आहे. तिथे तुमच्या अँटीव्हायरसचं नाव असेल तर चोर सापडला. तिथे फॉर्टिनेट किंवा सोफॉससारखं नाव असेल तर ऑफिसच्या फायरवॉलनं हात घातलाय. मग तुमच्या मशीनवर काहीही खाटखूट करू नका, नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. तिथे गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस, डिजीसर्ट, लेट्स एन्क्रिप्ट अशा सर्टिफिकेट देणाऱ्या ओळखीच्या संस्थेचं नाव असेल तर सर्टिफिकेट बहुधा खऱ्या सर्व्हरचंच आहे, आणि भानगड तारखेची किंवा सर्व्हरच्या नावाची आहे. आणि तिथे कधीच न ऐकलेलं भलतंच नाव असेल, तर खिडकी बंद करा आणि त्या नेटवर्कवरून बाहेर पडा.

एका सीएंच्या ऑफिसात मला बोलावलं ते वेगळ्याच तक्रारीसाठी. “दर दोन-तीन महिन्यांनी मेल बंद पडतो, मग मी ते बटण दाबते आणि सुरू होतो, पण हल्ली फारच वेळा येतंय,” असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. थंडरबर्डमध्ये सर्टिफिकेटच्या यादीतला ‘सर्व्हर्स’ हा टॅब उघडला, तर एक्सेप्शनची रांगच लागलेली. सगळ्या नोंदी त्याच दोन सर्व्हरच्या. कारण साधं आहे. एक्सेप्शन हे सर्व्हरला दिलेलं नसतं, त्या एका ठराविक सर्टिफिकेटला दिलेलं असतं. खऱ्या सर्व्हरचं सर्टिफिकेट थोड्या थोड्या काळानं बदलतं. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं. खरं बदललं की अँटीव्हायरस त्यावरून नवीन नक्कल बनवतो, जुनं एक्सेप्शन निरुपयोगी होतं, आणि खिडकी पुन्हा येते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी नुसता वैतागलो असतो. यादीच्या तळाशी मात्र एक नोंद वेगळी होती. तिचा इश्युअर ना अँटीव्हायरस, ना कुठली ओळखीची संस्था. चौकशी केली तेव्हा कळलं, साहेब लॅपटॉप घेऊन गावाला गेले होते, लॉजच्या वाय-फायवर ही खिडकी आली, आणि त्यांनी ऑफिसात मॅडम करतात तेच केलं. ‘नेहमीचंच आहे’ म्हणून बटण दाबलं. त्या वाटेनं पासवर्ड कुणाच्या हाती लागला की नाही हे कळायला काहीच मार्ग नव्हता. ऐन रिटर्नच्या हंगामात सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायला लावले. ज्या मेलवर अशिलांची पॅनकार्डं आणि बँकेची स्टेटमेंट्स येतात, त्या मेलच्या बाबतीत मी शक्यतांवर विसंबून राहत नाही.

म्हणून सांगतो, एकट्या एक्सेप्शननं होणारं नुकसान मर्यादित असतं. बोटाला लागलेली सवय जास्त घातक असते. इशारा येताच बटण दाबायचं ही सवय एकदा लागली की खरा हल्ला आणि अँटीव्हायरसची नक्कल यांच्यातला फरक तुमच्यासाठी संपतो. मधल्या माणसाचं सर्टिफिकेट हा प्रकार किती गंभीर होऊ शकतो ते 2015 मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीपासून टाकलेल्या सुपरफिशनं दाखवून दिलंय. जाहिराती घुसवण्यासाठी टाकलेल्या त्या प्रोग्रामचं मूळ सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी किल्ली सगळ्या मशीनवर एकच होती. ती किल्ली बाहेर काढून त्या लॅपटॉपना कुणीही कुठल्याही साइटचं खोटं सर्टिफिकेट खरं म्हणून दाखवू शकत होतं.

‘कनेक्शन सिक्युरिटी: नन’ करून ठेवणं

ही युक्ती नेहमी कुणातरी हुशार भाच्यानं केलेली असते. एसएसएल (जोडणीचं एन्क्रिप्शन) चालत नाही ना, मग काढूनच टाकू. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, 993 चा 143, 995 चा 110, आणि ‘कनेक्शन सिक्युरिटी’मध्ये ‘नन’. जीमेल असली जोडणी स्वीकारतच नाही, म्हणून तिथे वाचतात. पण स्वतःच्या डोमेनचा मेल स्वस्तातल्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, ठेवलेला असेल तर तिथले बरेच सर्व्हर अजूनही अशी जोडणी घेतात. मेल येऊ लागतो, आणि तुमचा पासवर्ड दर वेळी मेल तपासताना उघडाबोडका जात राहतो. कुणाला शंकाही येत नाही, कारण इशारा देणारी खिडकी आता येतच नाही.

हा सल्ला आला कुठून तेही माहीत असू द्या. फार पूर्वी काही अँटीव्हायरस स्वतःच सांगत, की मेल प्रोग्राममधलं एसएसएल बंद करा, सर्व्हरपर्यंतचं एन्क्रिप्शन आम्ही आमच्याकडून करू. त्या काळात शिकलेली माणसं अजून तेच सांगतात. पुढे तो अँटीव्हायरस काढून टाकला जातो, दुसरा बसतो, आणि मेल प्रोग्राम मात्र ‘नन’वरच राहतो. माझ्याकडे कुठलंही मशीन कुठल्याही कामासाठी आलं तरी मेलच्या सेटिंगमध्ये ही एक गोष्ट मी बघतोच. मेल उतरवायच्या दोन पद्धतींपैकी आयमॅप 993 वर एसएसएल/टीएलएस (टीएलएस हे एसएसएलचंच नवं रूप), पॉप 995 वर एसएसएल/टीएलएस, आणि पाठवायला 465 वर एसएसएल/टीएलएस किंवा 587 वर स्टार्टटीएलएस (जोडणी साधी सुरू होते, एन्क्रिप्शन मग लागतं). यापलीकडचं काही दिसलं की कारण विचारतो.

587 ला एसएसएल/टीएलएस किंवा 465 ला स्टार्टटीएलएस लावलंत तर अँटीव्हायरस असो वा नसो, मेल जाणार नाही. आउटलुकमध्ये ‘0x800सीसीसी1ए’ हा एरर दिसला तर पहिल्यांदा ही जोडी तपासा. दोन्ही चालत असतील तर मी 465 निवडतो. 2018 मधल्या आरएफसी 8314 या इंटरनेटच्या मानकानंही पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्टेड असलेल्या जोडणीलाच पसंती दिलीय.

खातं काढून पुन्हा टाकणं

“खातं डिलीट करून नव्यानं टाकून बघ” हा सल्ला देणाऱ्यांना मला हात जोडून विनंती करायचीय, की समोरच्याचं खातं आयमॅप आहे की पॉप, एवढं तरी आधी विचारा.

आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर असतात. खातं काढलं तरी पुन्हा टाकल्यावर परत उतरतात, फार तर वेळ जातो. पॉपचं तसं नाही. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण काढलेली असेल तर उतरलेला मेल फक्त तुमच्या मशीनवर असतो. आणि थंडरबर्डमध्ये खातं काढताना ‘रिमूव्ह मेसेज डेटा’ असा एक चौकोन येतो. त्यात खूण केलीत की मेलच गेले.

एका वकिलांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. जुनं पॉप खातं, कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार, होस्टिंगवर जागा कमी म्हणून सर्व्हरवर काहीच ठेवलेलं नाही. अँटीव्हायरस नवा झाला, मेल थांबले. ऑफिसातल्या मुलानं सेटिंगं बदलून पाहिली, जमेना, म्हणून खातं काढलं, आणि ‘सगळं स्वच्छ करून नव्यानं टाकतो’ म्हणत त्या चौकोनातही खूण केली. नवं खातं टाकलं तरी मेल आलेच नाहीत, कारण अँटीव्हायरस जागच्या जागी होता. मग फोन आला. “अहो, मेल सुरू होत नाहीयेत ते राहू द्या, आधी जुने कुठे गेले ते बघा.”

मी पहिल्यांदा मशीन बंद करायला सांगितलं. डिस्कवर नवीन काही लिहिलं जात राहिलं तर पुसलेली फाईल परत मिळायची शक्यता कमी होत जाते, आणि एसएसडी असेल तर ती मुळातच थोडी असते. नशिबानं, विंडोज बदलताना कुणीतरी थंडरबर्डचा जुना प्रोफाइल फोल्डर (मेल आणि सेटिंगं यातच असतात) बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून ठेवला होता. त्यातून बरंचसं परत आलं. मधल्या काळातले मेल गेले ते गेलेच. त्यात एका चालू दाव्यातल्या नोटिशीचं उत्तरही होतं. ते समोरच्या पक्षाच्या वकिलांकडून मागवून घ्यावं लागलं. आणि मूळ बिघाड? अँटीव्हायरसमधला एक स्विच.

माझी पद्धत सांगतो. मेलच्या कुठल्याही दुरुस्तीला हात लावण्याआधी थंडरबर्ड बंद करायचं, ‘ॲपडेटा’मधल्या ‘रोमिंग’च्या आत ‘थंडरबर्ड’ नावाचा फोल्डर असतो, तो अख्खा पेन ड्राइव्हवर घ्यायचा, आणि मगच पुढे जायचं. आउटलुक असेल तर मेल साठवणारी त्याची पीएसटी फाईल. घाई असली तरी हे सोडत नाही, घाई असली तर मुद्दाम सोडत नाही. ज्यांना एवढा दम नाही त्यांनी दुसऱ्यांच्या मेलला हात लावू नये.

मग दुरुस्ती काय

इश्युअरमध्ये अँटीव्हायरसचं नाव दिसलं, तर मी त्याच्यातली एन्क्रिप्टेड मेलची तपासणी तेवढी बंद करतो. पूर्ण अँटीव्हायरस नाही. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं असतं. अवास्टमध्ये ‘मेल शील्ड’, एव्हीजीत ‘ईमेल शील्ड’, आपल्या पुण्याच्या क्विक हीलमध्ये ‘ईमेल प्रोटेक्शन’; कॅस्परस्कीत नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘एन्क्रिप्टेड कनेक्शन्स’ शोधा; एसेटमध्ये ‘एसएसएल/टीएलएस’च्या भागात प्रोग्रामची यादी असते, तिथे थंडरबर्डपुरती सूट देता येते. जिथे फक्त एसएसएलची तपासणी बंद करायची सोय आहे तिथे तेवढीच बंद करा.

“मग व्हायरस आला तर?” हा प्रश्न रास्त आहे. जोडलेली फाईल तुम्ही सेव्ह करता किंवा उघडता तेव्हा ती डिस्कवर येते, आणि अँटीव्हायरसचा फाईलवरचा पहारा त्या वेळी ती तपासतोच. तो पहारा मी कधीही बंद करत नाही. शिवाय जीमेलसारखे सर्व्हर आपल्या पातळीवर चाळणी लावतात. ‘ईएक्सई’ फाईल तर जीमेल घेतच नाही. वाटेत पाकीट फोडण्यातून जे जास्तीचं मिळतं, ते मेल दर काही महिन्यांनी बंद पडण्याच्या आणि लोकांना ‘कन्फर्म’ दाबायची सवय लागण्याच्या बदल्यात मला परवडत नाही. विंडोजसोबत येणारा डिफेंडर मेलच्या जोडणीत असा शिरत नाही, आणि त्यामुळे कुणाचं काही अडलेलं मी पाहिलं नाही.

दुसरा मार्ग आहे: थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये ‘एंटरप्राइज_रूट्स’ शोधून ती ओळ ‘ट्रू’ करायची. मग थंडरबर्ड विंडोजच्या यादीत घातलेली सर्टिफिकेटंही मानू लागतं आणि अँटीव्हायरसचं चालून जातं. ज्या ऑफिसात मेलची तपासणी चालू ठेवणं वरून ठरलेलं आहे तिथे हे करा. घरच्या मशीनवर मी करत नाही.

दोन्हींपैकी काहीही केलंत तरी जमलेली जुनी एक्सेप्शन्स पुसा. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘मॅनेज सर्टिफिकेट्स’, आणि ‘सर्व्हर्स’ टॅब. तो रिकामा असताना मेल बिनतक्रार उतरला पाहिजे. तरच दुरुस्ती झाली म्हणायचं.

कमांड लाइनची सवय असलेले ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनातल्या ‘एस_क्लायंट’नं 993 पोर्टवर जोडून इश्युअर बघतात. बघा, पण त्यावर निकाल देऊ नका. काही अँटीव्हायरस फक्त ओळखीच्या मेल प्रोग्रामच्याच जोडणीत शिरतात. ओपनएसएसएलला खरं सर्टिफिकेट दिसतं आणि थंडरबर्डला नक्कल.

बाकीच्या चुका, थोडक्यात

अँटीव्हायरस दहा मिनिटांसाठी ‘पॉज’ केला, फरक पडला नाही, म्हणून त्याला निर्दोष सोडणं. पॉज केल्यावर मधला फिल्टर निघतोच असं नाही. स्विच बंद करा आणि रीस्टार्ट करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं वेगळं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ड्रायव्हर जुन्याच अवस्थेत परत येतात.

एकावर दुसरा अँटीव्हायरस बसवणं. पहिला कंट्रोल पॅनेलमधून काढला तरी अवशेष राहू शकतात. कंपनीचंच काढून टाकायचं साधन उतरवून वापरा.

घड्याळ न बघणं. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि सगळी सर्टिफिकेटं खोटी ठरतात. नवा सेल स्वस्तात मिळतो.

पासवर्डच्या एररला सर्टिफिकेटचा एरर समजणं. 30 मे 2022 पासून गूगलनं साध्या पासवर्डनं बाहेरच्या प्रोग्राममध्ये लॉगिन करणं बंद करत आणलं, आणि आउटलुक डॉट कॉमनं 16 सप्टेंबर 2024 पासून. तिथे ‘ओऑथ2’ (प्रोग्रामला पासवर्ड न देता कंपनीच्याच पानावर लॉगिन) लावा, किंवा जीमेलला टू-स्टेप चालू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड घ्या. अँटीव्हायरसचा यात काही दोष नाही.

होस्टिंगवरच्या मेलला स्वतःच्या डोमेनचं नाव घालून सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून अँटीव्हायरसला शिव्या देणं. शेअर्ड सर्व्हरवर सर्टिफिकेट बऱ्याचदा होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावावर असतं. कंपनीकडून ते नाव घ्या आणि तेच टाका.

विंडोज 7 आणि आउटलुक 2010 धरून बसणं. टीएलएस 1.0 आणि 1.1 मार्च 2021 मध्ये आरएफसी 8996 ने बाद ठरवली. ती जोडणी आता बरेच सर्व्हरच नाकारतात, आणि इतक्या जुन्या मशीनवर सेटिंगं फिरवण्यात मी कुणाचे पैसे घेत नाही, सरळ मशीन बदलायला सांगतो.

आणि एक, जिचा जोडणीशी थेट संबंध नाही पण याच गोंधळात हमखास होते. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाईलमध्ये ठेवतं. इनबॉक्सची फाईल ‘इनबॉक्स’ याच नावाची, पुढे काही एक्स्टेन्शन नाही. त्यात एका जुन्या मेलला चिकटलेला व्हायरस अँटीव्हायरसला पूर्ण स्कॅनमध्ये सापडला, तर तो मेल बाजूला काढता येत नाही म्हणून अख्खी फाईलच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या कोठडीत, जाऊ शकते, आणि सकाळी इनबॉक्स रिकामा दिसतो. अशा वेळी क्वारंटाइन ‘क्लीन’ करू नका. तिथून फाईल रिस्टोअर करा, तो एक मेल थंडरबर्डमधून पुसा, ट्रॅशही रिकामा करा, मग इनबॉक्सवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ करा, म्हणजे तो मेल फाईलमधून खरोखर निघेल. त्यानंतर प्रोफाइलचा फोल्डर अँटीव्हायरसच्या अपवादांच्या यादीत टाका.